ओवाळणीची गाडी

७ नोव्हेंबर
रीटचं शेत, नायमेखनच्या बाहेर

वासुदेवराव,

नमस्कार तुमचा तुम्हीच घालून घ्या. फोनवर मला ब्लॉक केलंत म्हणून हे टपालाने. टपाल कसं ब्लॉक करतात ते मला ठाऊक नाही, तुम्ही इंजिनियर आहात, शोधून काढा.

काल श्रुतीचा फोन आला. "आई, बाबांना मार्चमध्ये कॅम्पर हवा आहे. नॉर्वेला जायचंय म्हणतात." मी म्हटलं, कोणाबरोबर? तर पोरीने विषयच बदलला. म्हणाली, "तू आइंडहोवनला ये ना माझ्याकडे. त्या डब्यात कशाला राहतेस?" लेक चांगली आहे. पण मी तिच्याकडे गेले की जावई हळू आवाजात बोलायला लागतात, घरात कोणी आजारी असल्यासारखे. मला आजारी पडायचं नाही.

तर त्या पलंग-शेगडीच्या गाडीबद्दल. तुमच्या लक्षात नसेल म्हणून सांगते. गेल्या वर्षी मंडळाचा दिवाळी पाडवा होता. सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना ओवाळलं, नवऱ्यांनी ताटात पाकिटं टाकली. तुम्ही खिशातून लाकडी बुटाच्या किचेनची किल्ली काढलीत आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरलीत. फोटोसाठी चष्मा काढून खिशात घातलात. फोटो काढणाऱ्या प्रांजलीला म्हणालात, "नीट येऊ दे गं." मग किल्ली ताटात टाकलीत आणि म्हणालात, "सुरेखा, आजपासून कॅम्पर तुझा." टाळ्या काय, शिट्ट्या काय! घरी आल्यावर तीच किल्ली तुम्ही आपल्या जाकिटाखाली खुंटीला टांगलीत. मी विचारलं तर म्हणालात, "अगं, तुला काय करायची किल्ली?"

आता काय करायची ते बघताय ना.

मंडळाच्या नाटकाच्या तालमीनंतर मृदुलाचा गुडघा दुखतो म्हणून तुम्ही तिला घरी सोडायला जायचात. नायमेखनहून झूटरमेरपर्यंत! एवढ्या लांबचा गुडघा मी जन्मात पाहिला नाही. मग एक दिवस तुम्ही तिकडेच राहिलात. भाड्याचं घर सोडायच्या कागदावर "सही कर, नेहमीचंच आहे" म्हणालात, मी केली. पुढच्या आठवड्यात मला रिकामे खोके आणून दिलेत. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घरांच्या यादीत माझं नाव आहे, पण तिथल्या बाईने माझ्या वयाकडे बघून जो चेहरा केला त्यावरून माझा नंबर लागेल तेव्हा मला घर नको, खड्डा लागेल.

म्हणून गाडी हे माझं घर आहे. ओवाळणीत आलेलं. ओवाळणी परत मागणारा पुरुष माझ्या आजीनेसुद्धा पाहिला नव्हता आणि तिने बरेच नग पाहिले होते.

एक सांगायचं राहिलं. प्रांजलीची आई आली तेव्हा अलिबागहून माझ्यासाठी सुके बोंबील घेऊन आली. शेजारी गोरे काय म्हणतील म्हणून तीस वर्षं तुम्ही ते घरात येऊ दिले नाहीत. काल तुमच्या गाडीत भाजले. खिडक्या लावून. पडद्यांना छान बसलाय वास.

सुरेखा


१४ डिसेंबर

वासुदेवराव,

उत्तर आलं नाही. श्रुतीमार्फत निरोप आला, "गाडी नीट ठेव म्हणावं, हिवाळ्यात खराब होते." काळजी वाटते का? माझी नाही, गाडीची. ठीक आहे, गाडीची खुशाली कळवते.

छताच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी येतं. तुम्ही दरवर्षी तिथे डिंक फासायचात आणि म्हणायचात, "झालं पक्कं." ते पक्कं माझ्या उशीवर टपकतं. रीटने शिडी धरली, मी वर चढून जुना सगळा खरवडून काढला आणि नवीन भरला. रीट म्हणजे या शेताची मालकीण. नवरा गेलेला, गाई आहेत, आणि गाईंशी बोलते त्याच आवाजात माणसांशी बोलते. मला ती आवडते.

सकाळी खिडक्यांना आतून पाणी सुटतं. ते पुसायला तुमची लोकरी टोपी वापरते. चांगली शोषून घेते. डोकं तर कधी गरम ठेवलं नाही तिने, आता काहीतरी कामाला आली.

आणि एक गोष्ट सांगायची आहे. दाराजवळ जमिनीला भोक आहे, तिथून असा गार वारा यायचा की पोटऱ्या बधिर. मी तुमचा निळा स्वेटर त्यात कोंबला आणि शेगडीवर भाकऱ्या टाकायला घेतल्या. रीट दूध द्यायला आली, तिने ते बघितलं आणि किंचाळलीच. "सुरेखा! गॅस!" दार उघडलं, मला दंडाला धरून बाहेर ओढलं, स्वेटर उपसून फेकला. ते भोक गळलेला गॅस खाली निघून जावा म्हणून ठेवलेलं असतं म्हणे. ते बुजवलं की माणूस झोपेतच जातं.

एवढी वर्षं मी त्या गाडीत तुमच्याबरोबर फिरले. जर्मनी, बेल्जियम, डोंगर, समुद्र. तुम्ही गाडीखाली पाठीवर झोपून कामं करायचात आणि मी उकिडवी बसून टॉर्च धरायचे. "इकडे नाही, तिकडे. तिकडे नाही, इकडे. डोळे आहेत का?" टॉर्च कुठे धरायचा हे हजारदा सांगितलंत. ते भोक कशासाठी आहे हे एकदाही नाही.

स्वेटर गाईच्या गोठ्यात पडलाय. हवा असेल तर कळवा, धुवून पाठवणार नाही.

सुरेखा


७ जानेवारी

वासुदेवराव,

बर्फ पडलाय. रीटच्या गाई आत आहेत, मी आत आहे, बाहेर फक्त कावळे. टाकीत पाणी भरायला सकाळी एक छोटी टाकी घेऊन गोठ्यापर्यंत जाते, कारण अंगणातला नळ गोठला. संडासाची टाकी रिकामी करायलाही तितकंच चालते. दोन्ही हातांत दोन टाक्या, कुठली कुठली ते विसरायचं नाही एवढंच.

थंडी वाजत नाही. तुमच्या मनात आलंच असेल तर सांगितलं.

तुम्हाला आज खरं सांगते. गाडी तुम्हाला परत करायची असं मी नोव्हेंबरातच ठरवलं होतं. पण कशी, तेही ठरवलं होतं. तुम्हीच शिकवलंत ना, थंडीत हीटर बंद ठेवला आणि पाणी काढलं नाही तर बॉयलर फुटतो, नळ्या तडकतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. टाकी भरली की मग सगळीकडून धार. मी म्हटलं, हिवाळ्यात एक कडाक्याचा दिवस बघायचा, सगळं भरलेलं ठेवायचं, हीटर बंद करायचा आणि रीटच्या घरात जाऊन मस्त झोपायचं. मग मार्चमध्ये किल्ली हातात ठेवायची. "घ्या हो, नीट ठेवलीय." नॉर्वेत कुठेतरी तुम्ही नळ सोडला असता आणि मृदुलाच्या मोज्यांपर्यंत पाणी आलं असतं. रोज रात्री पांघरुणात शिरले की हे चित्र बघायचे. छान झोप लागायची.

परवा तसा दिवस आला. मी बाहेर उभी राहिले, दारातून हीटरच्या बटणापर्यंत हात गेला. आणि आतून उजेड येत होता ना, माझाच. पडद्यावर मी लावलेली वेलीची किनार दिसत होती. शेगडीवर भात होता. मला एकदम वाटलं, मी काय माझंच घर फोडायला निघालेय?

तर फोडणार नाही. परतही देणार नाही. तुमचं काय करायचं ते बघते.

सुरेखा


१९ जानेवारी

वासुदेवराव,

काल मी हळदीकुंकू केलं. गाडीत.

हसू नका, पुरतं ऐका. मंडळाच्या सगळ्या बायकांना बोलावलं. आत एका वेळी तिघी मावतात, बाकीच्या रीटच्या अंगणात चुलीभोवती. वैदेही, स्नेहल, प्रांजली, सगळ्या आल्या, बर्फातून, साड्यांवर जाड जाकिटं घालून. स्नेहलच्या मुलीने रीटलाही हळदकुंकू लावलं. रीटने आरशात बघितलं आणि म्हणाली की आता गाई तिला ओळखणार नाहीत.

वाण काय लुटलं ते ऐकायचंय ना? बाजारात कशाला जायचं? गाडीच्या कपाटांत भरपूर होतं. वैदेहीला तुमचा इटालियन कॉफीचा डबा दिला. स्नेहलला पाने आणि पकडींचा पूर्ण संच, त्या लाल डब्यासकट. तिचा नवरा आज सकाळीच श्रुतीला फोन करून म्हणाला, "काकांना विचारलं का?" घडीच्या खुर्च्या, दुर्बीण, तो चाकू ज्याला मी हात लावला तर तुम्ही ओरडायचात. सगळं वाण. वाण नको म्हणता येत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे.

आणि मृदुला आली.

तिला मी बोलावलं होतं. चुलीपाशी कोणीतरी म्हटलं, "अगं बाई." ती दारात उभी, पाय आत टाकू की नको. म्हणाली, "सुरेखाताई, मला कुंकू चालेल का? हे जाऊन सात वर्षं झाली."

मी म्हटलं, "ते गेले. पण नवरा जिवंत आहे ना? माझा आहे, पण आहे जिवंत. कपाळ पुढे कर."

प्रांजलीच्या हातातला चहा सांडला. मृदुला हसली नाही, रडली नाही. कपाळ पुढे केलं. मग बसली तुमच्या जागेवर, स्टिअरिंगच्या पाठीमागच्या बाकावर, आणि हळूच म्हणाली, "ते म्हणतात गाडी त्यांची आहे."

"म्हणू देत. त्यांना म्हणायला आवडतं."

"मला नॉर्वेला जायचंच नाहीये हो. माझी पाठ धरते. एवढ्याशा पलंगावर मी कशी झोपणार?"

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं. ऐकतात कुठे? म्हणाले, सवय होईल."

मला पहिल्यांदाच तिची दया आली असती. पण मी येऊ दिली नाही. तिळगूळ दिला. मग वाण म्हणून टॉर्च दिला. तो काळा, जड, तुमचा लाडका. तिने हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हा कशाला?"

"धरायला. आता पाळी तुझी."

टॉर्च घरी आल्यावर ओळखलात का? काही बोलला असाल तर मृदुलाने मला सांगितलेलं नाही. अजून तरी नाही.

सुरेखा


१७ फेब्रुवारी

वासुदेवराव,

तुम्ही शुक्रवारी येऊन गेलात.

मला कळलं नसतं असं वाटलं? मी बसने नायमेखनच्या बाजाराला गेले होते. शुक्रवारी मी जाते हे तुम्हाला श्रुतीनेच सांगितलं असणार. बोलता बोलता पोरीच्या तोंडून निघून गेलं, आता ती माझ्याशी बोलताना रडते. तिला रडवलंत, हे वेगळं लिहून ठेवते.

जोडीची किल्ली घेऊन आलात. चोरासारखे. स्वतःच्या ओवाळणीवर दरोडा घालणारा पहिलाच माणूस असाल. रीटने गोठ्यातून सगळं बघितलं. तिने बघितलेलं सांगते. तुम्ही बूट चिखलात रुतवत आलात, दार उघडलंत, आत चढलात आणि नाकाला रुमाल लावलात. (बोंबील.) मग पुढे बसून किल्ली फिरवलीत. काही नाही. परत फिरवलीत. काही नाही. मग उतरून बोनेट उघडलंत आणि आत वाकून बराच वेळ उभे राहिलात. बॅटरी नव्हती ना. थंडीत मरते म्हणून मी ती काढून रीटच्या कोठारात चार्जिंगला ठेवते. मीच काढते, मीच बसवते, आणि रीटचा टॉर्च तोंडात धरते.

तेवढ्यात रीट मागून आली, हातात शेण ओढायचा काटा. विचारलं, कोण तुम्ही? तुम्ही म्हणालात, "ही माझी गाडी आहे." रीट म्हणाली, "ही सुरेखाची आहे. मी रोज बघते." तुम्ही म्हणालात की मी सुरेखाचा नवरा आहे. तर रीट म्हणाली, "तो तर रोज दिसत नाही."

मी तिला हे शिकवलेलं नाही. शपथ. ते तिचं स्वतःचं आहे.

मग तुम्ही निघून गेलात. इतक्या घाईत की जोडीची किल्ली स्टिअरिंगपाशीच लटकत राहिली. आता दोन्ही माझ्याकडे आहेत.

म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा गोड लिहिते. असं चोरून नका येऊ, या वयात पडला-बिडलात तर मृदुलाला उचलवणार नाही, तिची पाठ धरते. गाडी हवी ना? झूटरमेरच्या हॉलमध्ये मंडळाचा गुढीपाडवा आहे, शनिवारी, २१ मार्चला. मी गाडी घेऊन येते. हो, मीच चालवत. लायसन्स माझ्याकडे श्रुती लहान होती तेव्हापासून आहे, तुम्ही फक्त स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. सगळ्यांसमोर मागा. सगळ्यांसमोर दिली होतीत ना?

सुरेखा


२१ मार्च, संध्याकाळ
झूटरमेर

वासुदेवराव,

हे टपालाने येणार नाही. मृदुलाच्या हातात देऊन जाते. सकाळी चहाबरोबर द्यायला सांगितलंय. ती म्हणाली, "साखर घालून देऊ की बिनसाखरेचा?" तुमच्या घरातली ही बाई मला वाटली होती तेवढी मऊ नाही. सांभाळून राहा.

आजचा दिवस तुम्हाला आवडला असेल. मला तर फारच.

गाडी हॉलसमोर लावली तेव्हा सगळी पोरं बाहेर पळत आली. मागच्या शिडीला मी गुढी बांधली होती, माझी हिरवी साडी, कडुनिंब भारतीय दुकानातला, आणि तांब्याऐवजी तुमचा प्रवासातला स्टीलचा मग उलटा. शिवांगी म्हणाली, "आजी, दिस इज सो कूल." नात माझी, कधीतरी मराठीत बोलेल. पण शिडीवर चढून हार तिनेच घातला.

मग तुम्ही आलात. कुर्ता नवीन. मृदुलाने घेतला का? रंग तुम्हाला शोभत नाही. जवळ येऊन दातांतून म्हणालात, "सुरेखा, तमाशा नको. किल्ली दे."

मी मोठ्याने म्हटलं, "देते की! पण ओवाळणीत आलेली वस्तू आहे, ओवाळणीतच जाईल. तुम्ही मला ओवाळा, मी ताटात टाकते."

तुमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवणार आणि माझा हिवाळाभराचा बेत पाण्यात. पण देवाला माझी काळजी आहे, त्याने प्रांजलीला फोन दिलाय. ती ओरडली, "काका, ओवाळा ना! एकदम वेगळा फोटो येईल!" मागून मंडळातला प्रतीक म्हणाला, "बायकांना समान हक्क, काका!" सगळे हसले, कोणी टाळ्या सुरू केल्या.

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे नाही बघितलंत, फोनकडे बघितलंत. कुर्ता खाली ओढलात. आणि चष्मा काढून खिशात घातलात.

तेव्हाच मला कळलं की झालं.

निरांजन मृदुलाने पेटवलं. ताट तुमच्या हातात दिलं. तुम्ही मला ओवाळलंत, उलट्या बाजूने, पण ओवाळलंत. आयुष्यभर मी तुम्हाला ओवाळत आले, तेव्हा तुम्ही कुठे बघायचात ते मला माहीत आहे, भिंतीवरच्या घड्याळाकडे. आज मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. म्हातारे झालात. ज्योत हलत होती. मी लाकडी बुटाची किचेन तांदळात पालथी टाकली. तुम्ही लगेच मूठ मिटलीत आणि हात वर केलात, जिंकल्यासारखा. फोटो छान आलाय. मंडळाच्या ग्रुपवर बघा. तीनशे माणसांच्या मंडळात कोणी म्हणू शकणार नाही की सुरेखाने दिली नाही, आणि कोणी म्हणू शकणार नाही की वासुदेवरावांनी बायकोला ओवाळलं नाही.

"उद्या सकाळी न्यायला येतो," म्हणालात. मी म्हटलं, "या की."

उद्या सकाळी हॉलसमोरची जागा रिकामी असेल. मी आधी समुद्रावर जाते, बंदरात ताजे मासे मिळतात का बघते. नंतर रीटकडे. तिची एक गाय विणार आहे, मी तिला येते म्हटलंय. तुम्हाला यायचं असेल तर सांगते, रीटने तो काटा दाराशीच ठेवलाय.

आता चहा पिऊन झाला असेल तर चष्मा लावा आणि मूठ उघडा.

किचेन तीच आहे. किल्ली संडासाच्या टाकीच्या झडपेची आहे. तेही कुलूप गुरुवारी, पाडव्याच्या दिवशी, मी बदलून घेतलं. त्यामुळे ती किल्ली आता कुठेच लागत नाही.

पण ओवाळणी आहे. परत करता येत नाही.

सुरेखा